स्पीडोमीटर बंद पडलाय? दोष शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी नेहमीसारखी पळतेय, पण वेगाचा काटा शून्यावरून हलत नाही. अशा वेळी बहुतेक जण 'सेन्सर गेला असेल' म्हणून सेन्सर बदलतात, नाहीतर थेट मीटरच नवा घालतात. पैसे जातात आणि काटा कित्येकदा तिथल्या तिथेच राहतो. मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. या एका तक्रारीवर जितकं चांगलं सामान उगाच काढून फेकलं जातं, तितकं क्वचितच दुसऱ्या कशावर जात असेल. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं होऊ नये म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र लिहितो आहे.

काटा हलत नाही. सगळ्यात आधी काय पाहू?

काट्यासोबत आणखी काय काय बंद पडलंय ते पाहा. वेगाचा काटा हा साखळीतला अगदी शेवटचा दुवा आहे. चाक किंवा गिअरबॉक्स फिरतो, केबल किंवा सेन्सर ते फिरणं टिपतो, वायरमधून ते एखाद्या कंट्रोल युनिटकडे (गाडीतल्या छोट्या संगणकाकडे) जातं, तिथून मीटरकडे, आणि मग काटा उठतो. साखळी कुठे तुटली हे शेजारच्या गोष्टी सांगतात.

गाडी चालवताना ट्रिप मीटर शून्य करा आणि एक-दोन किलोमीटर जा. आकडा पुढे सरकला, तर वेगाची माहिती मीटरपर्यंत येतेय आणि दोष बहुधा काट्याच्या यंत्रणेत आहे. आकडाही जागचा हलला नाही, तर माहिती अलीकडेच कुठेतरी अडली आहे. फक्त एवढ्या एका परीक्षेने निम्मं काम होतं, आणि त्याला पान्याचीही गरज नाही.

मग बाकीचं बघा. आरपीएम मीटर, डिझेल-पेट्रोलचा काटा, तापमान हे सगळंच एकदम गेलं असेल, तर मीटरचा सप्लाय किंवा अर्थिंग तपासायचं. एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला असेल, तर चाकांच्या सेन्सरकडे जायचं. ऑटोमॅटिक गाडी झटके देत किंवा उशिरा गिअर बदलत असेल, क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) घेत नसेल, वेग धरल्यावर आपोआप लागणारे दरवाजे लागत नसतील, स्टिअरिंगचा जडपणा बदलला असेल, तर बाकीच्या युनिटनाही वेग कळत नाहीये. अशा वेळी मीटर उघडून काहीच हाती लागणार नाही.

या सगळ्या गोष्टी कागदावर लिहून ठेवा. गॅरेजमध्ये गेल्यावर 'मीटर बंद आहे' एवढंच सांगण्यापेक्षा 'काटा बंद, किलोमीटर बंद, एबीएस दिवा नाही, पावसानंतर सुरू झालं' असं सांगितलं तर समोरच्याचा अर्धा दिवस वाचतो.

माझ्या गाडीत केबल आहे की सेन्सर, हे कसं ओळखायचं?

किलोमीटरचे आकडे फिरत्या चक्रांवर छापलेले असतील, तर केबल असण्याची शक्यता मोठी. मात्र काही गाड्यांत चक्रं आहेत आणि त्यांना फिरवायला आत छोटी मोटर आहे, म्हणून एवढ्यावरच विसंबू नका. खात्रीचा मार्ग म्हणजे गिअरबॉक्सकडे बघणं. मीटरकडून निघालेली काळी, बोटाएवढी जाड, लवचीक नळी गिअरबॉक्सवर नट किंवा क्लिपने बसली असेल, तर ती केबल. त्या जागी दोन-तीन वायरींचा प्लग असेल, तर सेन्सर. दोन्हीपैकी काहीच नसेल, तर तुमची गाडी वेग चाकांच्या एबीएस सेन्सरवरून मोजते. आजच्या बहुतेक गाड्या या तिसऱ्या प्रकारात येतात.

केबलच्या गाडीत काटा फिरतो तरी कसा? केबल काट्याला जोडलेली असते का?

जोडलेली नसते, आणि हीच त्यातली सुंदर गोष्ट आहे. केबल मीटरच्या आत एक चुंबक फिरवते. त्या चुंबकाला न टेकता, त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची एक हलकी वाटी बसवलेली असते. चुंबक फिरला की वाटीत भोवरा प्रवाह (गोल-गोल फिरणारे विजेचे प्रवाह) तयार होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. केसाएवढी बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. ओढ आणि स्प्रिंग जिथे बरोबरीत येतात, तिथे काटा थांबतो. ओटो शुल्झे यांनी १९०२ साली जर्मनीत याचं पेटंट घेतलं, आणि पुढे जवळजवळ शतकभर जगातल्या गाड्या याच तत्त्वावर वेग दाखवत राहिल्या.

दोष शोधताना याचा उपयोग असा: किलोमीटरची चक्रं त्याच केबलवर दातऱ्यांनी, म्हणजे दातेरी चाकांनी, चालतात. चक्रं फिरतात आणि काटा मेलाय, तर केबल ठणठणीत आहे. स्प्रिंग, वाटी किंवा काट्याची दांडी बिघडली आहे. दोन्ही बंद असतील, तर केबल किंवा गिअरबॉक्समधली दातरी.

केबल तुटली आहे की नाही, हे घरी पाहता येईल का?

येईल. मीटरच्या मागून केबल सोडवा. बऱ्याच गाड्यांत ती क्लिप दाबून निघते, काहींत नट असतो. टोकाला आतली तार दिसेल. तिचं टोक चौकोनी असतं. ते दोन बोटांत धरून फिरवून पाहा. तार सहज, गोल-गोल फिरतच राहिली, तर ती बहुधा मध्येच तुटलेली आहे. थोडी फिरून पीळ घेऊन परत आली, तर ती खाली गिअरबॉक्सपर्यंत सलग आहे.

आता तार बाहेर ओढा. तुटलेली असेल तर वरचा तुकडाच हातात येईल. तुटलेलं टोक नीट बघा: तारांचा झुपका सुटून फुललेला दिसतो, आणि बहुतेक वेळा ही जागा जिथे केबलला तीव्र वळण आहे नेमकी तिथेच असते. नवी केबल टाकताना तेच वळण तसंच ठेवलं, तर नवीही तिथेच तुटणार. म्हणून तार बदलण्याआधी बाहेरची नळी कुठे दबली आहे, कुठे सायलेन्सरच्या उष्णतेने वितळली आहे, हे पाहून घ्या.

तार अखंड निघाली तर तिची दोन्ही टोकं बघा. चौकोनाचे कोपरे झिजून गोल झाले असतील, तर ती खोबणीत नुसती घसरते, काट्याला काही कळत नाही. तेही ठीक असेल, तर उरते गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेली छोटी दातरी. ती पुष्कळ गाड्यांत प्लास्टिकची असते आणि दात झिजले की फिरणं थांबतं.

मग मीटर चालतोय की नाही, ते?

केबलचं टोक गिअरबॉक्सपासून सोडवा, वरचं टोक मीटरला तसंच राहू द्या, आणि आतल्या तारेचं चौकोनी टोक ड्रिल मशीनमध्ये हलक्या हाताने धरून अगदी सावकाश फिरवा. काटा उठला तर मीटर आणि केबल दोन्ही चांगले. उठला नाही तर लगेच थांबा आणि दिशा उलटी करून पाहा, कारण काही मीटर एका दिशेने चालतात तर काही दुसऱ्या. ड्रिल पूर्ण वेगात कधीच सोडू नका. जुन्या अमेरिकी गाड्यांत मिनिटाला १००० फेरे म्हणजे ताशी ६० मैल असा हिशेब असे. म्हणजे साधं ड्रिल काटा डायलच्या शेवटापर्यंत फेकू शकतं, आणि तेवढ्यात बारीक स्प्रिंग कायमची वाकते.

काटा थरथरतो, आणि डॅशबोर्डमधून टिकटिक येते.

केबल कोरडी पडली आहे किंवा कुठेतरी मुरगळली आहे. तार अडकते, पीळ घेते, मग झटक्याने सुटते. काटा तेच झटके दाखवतो. ही तार तुटायच्या आधीची अवस्था आहे, लगेच लक्ष दिलं तर बहुतेकदा साफसफाई आणि ग्रीसवर भागतं.

ग्रीस किती लावायचं?

पातळ थर, तोही खालच्या भागाला. मीटरकडचं वीतभर टोक कोरडं ठेवा. भरपूर ग्रीस लावलं की ते फिरत्या तारेबरोबर वर चढून मीटरमध्ये शिरतं, वाटी आणि चुंबक यांच्यात चिकटतं, आणि काटा भलताच वेग दाखवतो. केबल काढल्यावर वरच्या टोकाला गिअरऑइलचा वास आणि ओलावा असेल, तर गिअरबॉक्सकडचं ऑइल सील गेलंय. आधी ते बदला.

फ्यूज तपासला तर पुरे का?

फ्यूज नक्की आधी तपासा, कारण सगळ्यात सोपा तोच. पण नुसता वरून बघून समाधान मानू नका. फ्यूज काढून मल्टिमीटरने (व्होल्ट, ओहम मोजायच्या यंत्राने) तपासा, किंवा जागेवरच त्याच्या डोक्यावरच्या दोन्ही उघड्या टोकांवर, चावी ऑन ठेवून, व्होल्ट येतात का बघा. दोन्हीकडे १२ व्होल्टच्या आसपास आले तर तो चांगला.

लक्षात ठेवा, एकट्या स्पीडोमीटरसाठी वेगळा फ्यूज क्वचितच असतो. त्याच फ्यूजवर रिव्हर्सचा दिवा, इंडिकेटर किंवा इतर काटे असतात. ते सगळं चालू असेल, तर फ्यूज बदलत बसण्यात अर्थ नाही. आणि १० ॲम्पिअरचा लाल फ्यूज पुन्हा उडतोय म्हणून १५ चा निळा घालणं, हे कधीही करू नका. तो उडतोय म्हणजे कुठेतरी वायर बॉडीला लागतेय. मोठा फ्यूज घातला की फ्यूजऐवजी ती वायर जळते.

गिअरबॉक्सवरचा सेन्सर कसा तपासायचा?

आधी वायरी मोजा. तीन असतील तर बहुधा हॉल सेन्सर (चुंबकी बदल टिपणारा इलेक्ट्रॉनिक सेन्सर), दोन असतील तर बहुधा चुंबक आणि गुंडाळीचा सेन्सर. दोघांची परीक्षा वेगळी आहे.

तीन वायरींच्या सेन्सरला एक सप्लाय, एक अर्थ आणि एक सिग्नल असतो. प्लग काढा, चावी ऑन करा, इंजिन बंदच ठेवा. प्लगमध्ये एका पिनवर गाडीप्रमाणे ५ किंवा १२ व्होल्टच्या आसपास सप्लाय मिळायला हवा. अर्थची पिन बॅटरीच्या निगेटिव्हशी नीट जुळते का ते बघा; चावी ऑन असताना या दोघांमध्ये व्होल्ट मोजले तर सप्लाय आणि अर्थ एकदमच तपासले जातात. सप्लाय नाही म्हणजे सेन्सर निर्दोष आहे, त्याला जेवायलाच मिळत नाहीये.

तिसरी, सिग्नलची वायर सगळ्यात जास्त सांगून जाते. बऱ्याच गाड्यांत प्लग काढलेला असताना त्या वायरवर पलीकडच्या युनिटकडून ५ किंवा १२ व्होल्ट येत असतात, आणि सेन्सरचं काम फक्त ती वायर क्षणभर अर्थला जोडायची आणि सोडायची एवढंच. म्हणून तिथे व्होल्ट दिसले, तर ती वायर पलीकडच्या टोकापर्यंत शाबूत आहे हे कळलं. अशा गाडीत मी एक बारीक वायर घेऊन सिग्नलची पिन अर्थला भराभर टेकवतो आणि सोडतो. शेजारी बसलेल्या माणसाला काटा किंचित उसळलेला दिसला, तर वायर आणि मीटर दोन्ही निर्दोष. दोष सेन्सरमध्ये किंवा त्याला फिरवणाऱ्या दातरीत. हे करण्याआधी वायर नक्की सिग्नलचीच आहे याची सर्किटच्या नकाशावरून खात्री करा. चुकून सप्लायची पिन अर्थला टेकली तर फ्यूज उडेल, नाहीतर युनिटचं नुकसान होईल.

दोन वायरींच्या जुन्या प्रकारात गुंडाळीचा रोध मोजता येतो. तो काहीशे ते एक-दोन हजार ओहमच्या घरात असतो, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. मल्टिमीटरवर काहीच आलं नाही तर गुंडाळी तुटली. रोध बरोबर आला तरी काम संपत नाही. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, चाक फिरवा, आणि फिरण्याबरोबर व्होल्ट वाढतात का बघा. टोकावर लोखंडाचा बारीक कीस जमला की सिग्नल अशक्त होतो. सेन्सर काढून फडक्याने पुसला आणि काटा चालू झाला, असंही घडतं.

चाक उचलून फिरवलं, पण सिग्नल येत नाही. सेन्सर गेला ना?

थांबा. दोन्ही चालती चाकं (इंजिन ज्यांना फिरवतं ती) उचलली आहेत का? मग एक चाक हाताने पुढे फिरवलं की दुसरं उलटं फिरतं आणि सेन्सरची दातरी जागेवरच राहते. एकच चालतं चाक उचला, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, बाकीच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरू नका, कितीही घाई असली तरी. खाली पक्का स्टँड हवाच.

एबीएसचा दिवाही लागलाय. दोन्हींचा संबंध आहे का?

दाट संबंध आहे. नव्या गाड्यांत चारही चाकांचे सेन्सर एबीएस युनिटला वेग सांगतात, आणि ते युनिट तो वेग कॅन लाईनवरून (युनिटना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन वायरींवरून) मीटर, इंजिन, गिअरबॉक्स सगळ्यांना वाटतं. कुठे एका ठरावीक चाकाचा वेग घेतात, कुठे एकापेक्षा जास्त चाकांचा हिशेब करतात. त्यामुळे एकच सेन्सर गेला तर काही गाड्यांत नुसता दिवा लागतो आणि काही गाड्यांत काटाही पडतो.

इथे ओहम मोजत बसू नका. आजच्या सेन्सरना दोनच वायरी असल्या तरी ते जुन्या गुंडाळीचे नाहीत. त्यांच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं आणि ते साधारण ७ आणि १४ मिलिॲम्पिअर असा करंट आलटून-पालटून घेऊन सिग्नल देतात. रोध मोजून त्यांच्याबद्दल काही कळत नाही. त्याऐवजी एबीएस वाचू शकणारा स्कॅनर (गाडीच्या युनिटमधली माहिती दाखवणारं यंत्र) लावा, चारही चाकांचा वेग एकाच पडद्यावर घ्या, आणि दुसऱ्या कुणालातरी ताशी १५-२० किलोमीटरने सरळ गाडी चालवायला सांगा. तीन आकडे सोबत चालतील आणि एक शून्यावर असेल, किंवा मध्येच पडत-उठत असेल. तेच चाक.

त्या चाकापाशी गेल्यावरही लगेच सेन्सर काढू नका. वायर सस्पेन्शनबरोबर खालीवर होते, तिथे ती आतून तुटते आणि बाहेरचं रबर मात्र धडधाकट दिसतं. बोटांनी वायर हळूहळू चाचपत जा. तुटलेल्या जागी ती मऊ आणि सैल लागते. मग चाकाबरोबर फिरणारी, सेन्सर जिच्यावरून वेग टिपतो ती रिंग बघा. दातांची असेल तर दात तुटलेत का, गंजाने फुगलेत का, मध्ये खडा अडकलाय का. चुंबकी रिंग बेअरिंगच्या सीलमध्येच असते आणि ती डोळ्यांना साध्या रबरासारखी दिसते. बेअरिंग बदलताना ते उलटं बसलं की चुंबकाची बाजू सेन्सरच्या पलीकडे जाते आणि सिग्नल येतच नाही. नवं बेअरिंग प्रेस करण्याआधी एक हलकी कागदाची पिन दोन्ही बाजूंना टेकवून पाहा. जिकडे ती हळूच चिकटते, ती बाजू सेन्सरकडे हवी.

एबीएसचा पिवळा दिवा असताना साधे ब्रेक लागतात, पण जोरात दाबल्यावर चाकं जाम होऊ शकतात. त्याच्यासोबत लाल ब्रेकचा दिवाही लागला असेल, तर गाडी पुढे नेऊ नका.

स्कॅनरने पी०५०० कोड दाखवलाय. सेन्सर मागवू का?

अजून नाही. पी०५०० याचा अर्थ इतकाच की इंजिनच्या युनिटला वेगाचा पटण्याजोगा सिग्नल मिळत नाही. पी०५०२ म्हणजे सिग्नल क्षीण, पी०५०३ म्हणजे येत-जात राहणारा. यू०१२१ आला तर एबीएस युनिटशी संपर्क तुटलाय, यू०१५५ आला तर मीटरशी. कोड गल्ली दाखवतो, घर आपल्यालाच शोधावं लागतं. सेन्सर, वायर, प्लग, दातरी, युनिट यांपैकी काहीही बिघडलं तरी तोच पी०५०० येतो.

माझ्याकडे एक गाडी दोन सेन्सर बदलून आली होती. मालक वैतागलेले, आणि तिसरा सेन्सर पिशवीत घेऊनच आले होते. प्लग काढला, वरून स्वच्छ. टॉर्च मारून आत पाहिलं, तर तीनपैकी मधली पिन बाकीच्या दोघींपेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर मागे सरकलेली, आणि तिच्या बुडाशी हिरवट पूड. प्रत्येक वेळी नवा सेन्सर लावताना ती पिन आणखी मागे ढकलली जात होती. पिन मागून पुढे आणली, कुलूप बसवलं, पूड साफ केली. काटा उठला. तिसरा सेन्सर तसाच बंद पिशवीतून परत गेला. तेव्हापासून मी प्रत्येक प्लगमध्ये आधी टॉर्च मारतो, मल्टिमीटर त्यानंतर.

स्कॅनर असेल तर सगळ्यात उपयोगाची परीक्षा कोणती?

लाईव्ह डेटामधला, म्हणजे चालत्या गाडीच्या क्षणाक्षणाच्या आकड्यांमधला वेग. गाडी चालत असताना स्कॅनर बरोबर वेग दाखवतो आणि काटा शून्यावर आहे, तर सेन्सरची बाजू निर्दोष. मीटर किंवा मीटरकडे जाणारी वायर बघा. स्कॅनरही शून्य दाखवतो, तर मीटरला हात लावू नका, सेन्सरकडे जा. पडदा शेजारच्या माणसाने बघायचा, चालवणाऱ्याने नाही.

मोबाईलला जोडायचे छोटे स्कॅनर बहुतेकदा फक्त इंजिनचं युनिट वाचतात. त्यांच्यावर वेग दिसला म्हणजे एबीएसकडून इंजिनपर्यंत माहिती येते एवढं कळतं. मीटरमध्ये ती पोहोचते का, हे पाहायला मीटरचं युनिट वाचणारा स्कॅनर लागतो. कॅन लाईनवरच शंका असेल, तर बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडायच्या सॉकेटच्या) ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये रोध मोजा. बहुतेक गाड्यांत तो ६० ओहमच्या आसपास यायला हवा, कारण लाईनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात.

मीटरच खराब आहे, असं खात्रीने कधी म्हणता येतं?

वेग त्याच्यापर्यंत पोहोचतोय, सप्लाय आणि अर्थ ठीक आहेत, आणि तरीही काटा हलत नाही, तेव्हाच. नव्या मीटरमध्ये प्रत्येक काट्यामागे एक छोटी स्टेपर (टप्प्याटप्प्याने फिरणारी) मोटर असते. पुष्कळ मीटरमध्ये स्वतःची तपासणीही असते: ट्रिपचं बटण दाबून धरायचं आणि चावी ऑन करायची, की सगळे काटे टोकापर्यंत जाऊन परत येतात. प्रत्येक गाडीची रीत वेगळी, मॅन्युअलमध्ये बघा. या तपासणीत बाकीचे काटे फिरले आणि वेगाचा अडकला, तर मोटर गेली किंवा तिचं सोल्डर सुटलं. वेगाचा काटा छान फिरला, तर मीटर निर्दोष आहे आणि दोष बाहेर आहे. मीटर काढण्याआधी ही दोन मिनिटं नक्की द्या.

डॅशबोर्डवर थाप मारल्यावर काटा जिवंत होत असेल, तर प्लगच्या पिनांपाशी सोल्डरला भेग असण्याची शक्यता मोठी. चांगला इलेक्ट्रॉनिक्सवाला ते परत सोल्डर करून देतो, अख्खा मीटर बदलावा लागत नाही.

कधी चालतो, कधी बंद. गॅरेजमध्ये नेलं की नेमका चालू!

हा सगळ्यात चिवट प्रकार. इथे घाई न करता नोंद ठेवणं हाच उपाय. कधी बंद पडतो: पाऊस पडल्यावर, गाडी तापल्यावर, खड्ड्यात आदळल्यावर, पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर? पाण्याने होत असेल तर प्लगमध्ये ओल. तापल्यावर होत असेल तर सेन्सरच्या आतलं सर्किट. वळणावर होत असेल तर पुढच्या चाकाकडे जाणारी वायर. मग चावी ऑन ठेवून, स्कॅनर किंवा मल्टिमीटर लावून, एकेक जोड हाताने हलवत जायचं. इंजिनखालच्या वायरींवर उंदराचे दात लागलेले दिसले तर तिथपासूनच सुरुवात करा.

क्लच, बेअरिंग किंवा म्युझिक सिस्टीमचं काम झालं आणि त्यानंतरच मीटर बंद पडला.

मग जिथे हात लागले तिथेच बघा. गिअरबॉक्स उतरवताना सेन्सरचा प्लग लावायचा राहतो किंवा वायर दबते, डॅशबोर्ड उघडताना मीटरचा प्लग अर्धवट बसतो, म्युझिकसाठी घेतलेला सप्लाय मीटरच्या फ्यूजवर पडतो. काम करणाऱ्याकडेच आधी परत जा आणि शांतपणे सांगा. मुद्दाम कुणी करत नाही.

बॅटरी बदलल्यावर काटा शून्याच्या खाली किंवा भलत्याच जागी अडकलाय.

स्टेपर मोटरला आपलं शून्य कुठे आहे हे विसरायला झालं आहे. चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह दहा-पंधरा मिनिटं सोडा आणि परत जोडा. अनेक मीटर चालू होताना काटा शून्याला नेऊन टेकवतात. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी हाताशी ठेवा. तरी जमलं नाही तर मीटरची स्वतःची तपासणी करून पाहा. काच काढून काटा बोटाने ढकलू नका.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवली तर?

अनेक देशांत चालू स्पीडोमीटर ही कायद्याची अट आहे, तेव्हा आपल्याकडचा नियम बघा. गॅरेजपर्यंत जायचंच असेल, तर मोबाईलच्या जीपीएसवर वेग दिसतो. पण तो थोडा मागून येतो आणि बोगद्यात थांबतो. मॅन्युअल गाडीत आरपीएम मीटरची मदत होते, कारण एका गिअरमध्ये ठरावीक आरपीएमला वेग कायम तोच असतो. गाडी ऑटोमॅटिक असेल आणि गिअर झटके देत असतील, तर उचलूनच न्या. चुकीच्या वेळी गिअर बदलत राहिले तर गिअरबॉक्सला त्रास होतो.

आणि एक मनापासून सांगतो. बराच वेळ मोकळ्या रस्त्यावर चालवलं की शरीराला वेगाची सवय होते आणि ताशी ८० किलोमीटर ५० सारखे वाटू लागतात. 'मला अंदाज आहे' हा भरवसा नेमका वस्तीत शिरताना फसवतो, जिथे लहान मूल रस्त्यावर येऊ शकतं.

नवा मीटर घातला तर किलोमीटरच्या आकड्याचं काय?

पुष्कळ गाड्यांत आकडा मीटरच्या मेमरीत असतो, काहींत दुसऱ्या युनिटमध्येही त्याची प्रत असते. मीटर बदलण्याआधी आकड्याचा फोटो घ्या, तो बिलावर लिहून घ्या, आणि मूळ आकडाच नव्या मीटरमध्ये घालायला सांगा. तसं जमत नसेल तर बदलाची तारीख आणि जुना आकडा गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. मीटर जेवढे दिवस बंद होता, तेवढे किलोमीटर कुठेच मोजले गेलेले नाहीत. गाडी विकताना हे स्वतःहून सांगा. इंजिन ऑइलची पुढची तारीखही अंदाजाने अलीकडे घ्या.

दुरुस्त झाला, पण आता मोबाईलपेक्षा जास्त वेग दाखवतो. पुन्हा बिघडला का?

बहुधा नाही. संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम जे देश पाळतात, तिथे कारच्या मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, आणि जास्त दाखवलं तर खऱ्या वेगाचे १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर यांच्या आत. म्हणजे गाडी खरोखर ८० ने चालली असेल, तर ९२ पर्यंत दाखवणं नियमात बसतं. कंपन्या म्हणून मीटर थोडा पुढेच ठेवतात.

मीटर मोबाईलपेक्षा कमी दाखवत असेल, तर मात्र टायर बघा. १८५/६५ आर१५ च्या जागी १९५/६५ आर१५ घातले, तर चाकाचा घेर सुमारे २ टक्क्यांनी वाढतो, आणि मीटर एरवी तंतोतंत असेल तर त्याच्या १०० ला गाडी १०२ ने पळते. टायर मूळ मापाचेच असतील, सपाट सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगात दोन-तीनदा मोजूनही मीटर कमीच भरत असेल, तर दातरी चुकीच्या दातांची बसली आहे किंवा नव्या मीटरमध्ये टायरचं माप चुकीचं भरलं आहे. ज्याने काम केलं त्याच्याकडून तेवढं एक तपासून घ्या.